वाड्याचा दगड नव्या घरात वापरायचा असेल, तर पाडकामाआधी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या महाल भागात आजोबांच्या वेळचा दुमजली वाडा आहे. खाली काळ्या दगडाचं जोतं, समोर घडीव पायऱ्या, मागच्या दोन खोल्यांना पिवळसर-तांबूस दगड, आत शहाबादी फरशी, परसात दगडी बांधणीची विहीर. वाटण्या झाल्या, वाडा उतरवायचा आहे आणि बेसा रस्त्याकडे प्लॉट घेतलेला आहे. पाडकामाचा ठेकेदार म्हणतो, ‘मलबा फुकट उचलतो, दगड मात्र माझा.’ हा दगड नव्या घरात चालेल का, घराच्या पायात घालून टाकावा का, आणि नव्या दगडापेक्षा स्वस्त पडेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

दगड चालेल. पायात घालू नका. आणि सगळाच स्वस्त पडेल या हिशेबाने यात उतरू नका.

जुन्या इमारती हाताने उतरवण्याचं आणि त्यांचा दगड पुन्हा रचण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक जेसीबी लावून झाल्यावर येतात आणि ढिगाकडे बोट दाखवून विचारतात, यातलं काय वाचेल? तोवर उत्तर ठरून गेलेलं असतं. दगड पुन्हा वापरायचा निर्णय पाडकामाची निविदा मागवण्याआधी घ्यावा लागतो, आणि शक्य असेल तर नव्या घराचा नकाशा पक्का होण्याआधी. तुम्ही वेळेवर विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पैशाचं. साधा डबर, म्हणजे भिंतीच्या पोटातला अनघड दगड, उतरवून, साफ करून, महालाच्या गल्लीतून छोट्या टेम्पोने काढून बेस्यापर्यंत नेण्यापेक्षा क्रशरवरून नवा आणणं बहुधा स्वस्तच पडतं. घडीव दगडाचं गणित वेगळं आहे. पाच फूट लांब, फूटभर रुंद, सगळ्या अंगांनी टाकी (पाथरवटाची छिन्नी) मारलेली काळ्या दगडाची पायरी आज करून घ्यायची म्हटलं तर दगडापेक्षा मजुरी जास्त लागते, आणि हाताने टाकी मारणारे पाथरवट नागपुरात शोधावे लागतात. तुमच्या वाड्याची किंमत पायऱ्या, उंबरठे, कोपऱ्याचे दगड, जोत्याच्या दर्शनी खांडक्या (घडवलेले छोटे दगड) आणि खांबाखालच्या तळखड्यांत आहे. ठेकेदाराला हे पक्कं ठाऊक असतं. त्याचं ‘फुकट’ म्हणजे मजुरी दगडात वसूल करणं. त्यात गैर काही नाही, पण तुम्ही काय देताय ते मोजून द्या.

मोजताना घडीव दगड ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मोजू नका, नग आणि रनिंग फूट लिहा. काळ्या दगडाचं वजन घनफुटाला साधारण ८० किलो. वर लिहिलेली पायरी आठ इंच जाड असेल तर अडीचशे किलोच्या पुढे जाते. रचलेल्या डबराच्या एका ब्रासमध्ये पोकळी धरूनही साडेचार-पाच टन माल असतो. हे आकडे हाताशी असले की किती माणसं, किती फेऱ्या आणि प्लॉटवर किती जागा लागेल याचा अंदाज घरबसल्या येतो.

आता दगड कोणता आहे ते बघा. नागपूर अशा जागी वसलं आहे की दख्खनचा काळा बेसॉल्ट शहराच्या पश्चिमेकडे संपत येतो. सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स त्याच बेसॉल्टच्या. उत्तरेला कामठी आणि सावनेरच्या बाजूला वालुकाश्म मिळतो. कामठीच्या नावाने तर भूविज्ञानात खडकांची एक अख्खी मालिकाच ओळखली जाते. नागपूर स्टेशनची १९२५ साली सुरू झालेली इमारत सावनेरकडच्या वालुकाश्मातली आहे. म्हणून एकाच वाड्यात पुढे काळा आणि मागे पिवळा दगड सापडणं हे आपल्याकडे नवलाचं नाही. तुमचा पिवळसर-तांबूस दगड बहुधा वालुकाश्मच असणार. या दोघांना एकच नियम लावला की नुकसान होतं.

काळा दगड हातोडीने वाजवून बघा. घट्ट बेसॉल्ट खणखणीत वाजतो, आतून तडकलेला बद्द वाजतो. वाजवताना दगड दोन फळ्यांवर मोकळा ठेवलेला हवा. जमिनीवर टेकलेला दगड चांगला असला तरी आवाज दाबला जातो. मग ताज्या तुटलेल्या कडेकडे बघा. एकसारखा गर्द, बारीक पोत असेल तर उत्तम. पांढऱ्या-हिरवट गारांचे ठिपके दाट असतील, नखाने खरवडल्यावर भुगा पडत असेल किंवा बाहेरची तपकिरी साल पापुद्र्यासारखी सुटत असेल, तर तो दगड उन्हापावसात ठेवू नका. त्याच्यातले काही खनिजांचे कण पाण्याने फुगतात आणि दोन-चार पावसाळ्यांत तो आपोआप भुगा होतो. जोत्यात शंभर वर्षं टिकलेला दगडसुद्धा, जो आजवर भिंतीच्या पोटात कोरडा होता, तो दर्शनी बाजूला आणल्यावर असा वागू शकतो. आजवर कुठे बसला होता, हे म्हणूनच विचारायचं.

वालुकाश्मासाठी घरच्या घरी दोन परीक्षा करा. दगडाचे पाच-सहा ताजे तुकडे काचेच्या ग्लासात पाण्यात टाका, तासाभराने ढवळा. पाणी जवळजवळ स्वच्छ राहिलं तर दगडातले वाळूचे कण घट्ट बांधलेले आहेत. गढूळ झालं तर त्यांना मातीने धरलंय. दुसरी परीक्षा: उन्हात चांगला वाळवलेला तुकडा किराणा दुकानाच्या काट्यावर तोला, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा, फडक्याने पुसा आणि परत तोला. वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढलं तर तो दगड बाहेरच्या भिंतीला नको. घट्ट बेसॉल्टमध्ये ही वाढ बहुधा एक टक्क्याच्या आसपास किंवा कमीच असते. मोठं काम असेल तर याच गोष्टी आयएस ११२१ आणि आयएस ११२४ या मानकांप्रमाणे प्रयोगशाळेतून करून घ्या, खर्च फार नसतो.

वालुकाश्माची आणखी एक गोष्ट उतरवण्याआधीच नोंदवायची. तो थराथरांनी बनलेला असतो, आणि भिंतीत ते थर आडवे, खाणीत होते तसेच बसले पाहिजेत. उभे बसवले तर दर्शनी पापुद्रे एकेक करून गळून पडतात. एकदा दगड ढिगात गेला की त्याचे थर ओळखत बसावं लागतं, म्हणून भिंतीत असतानाच प्रत्येक चांगल्या दगडाच्या वरच्या अंगावर, जे अंग पुढे झाकलं जाणार तिथे, ऑइलपेंटने बाण काढा. खडूने नको. एक सर आली की तो वाहून जातो.

उतरवण्याचं काम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत संपवा. पावसाळ्यात नकोच. वाड्याची दोन-अडीच फूट जाड भिंत एकसंध नसते. बाहेर एक पडदी, आत एक पडदी, आणि मध्ये डबर, माती, चुनाचुरा भरलेला. छप्पर निघालं आणि ती भर पाण्याने भिजली की दोन्ही पडद्या बाहेर फुगतात. माणसं दबतात ती अशाच वेळी.

क्रम नेहमी वरून खाली. कवेलू, लाकूड, माळवद काढा. शेजाऱ्याबरोबरची सामाईक भिंत असेल तर तिला आधी टेकू द्या, शेजाऱ्याला सोबत घेऊन फोटो काढा आणि मगच तुमच्या बाजूला हात लावा. दगडाची भिंत थराथराने उतरते. चुन्यात किंवा मातीत बांधलेली भिंत सब्बलीला लगेच दाद देते, कारण चुना दगडापेक्षा मऊ असतो. आधी तो सुटतो, दगड शाबूत राहतो. जिथे मधल्या काळात कोणी सिमेंटने दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरल्या असतील तिथे उलटं होतं, सांधा राहतो आणि दगडाची कड तुटते. तिथे सब्बल लावण्याआधी बारीक छन्नीने सिमेंट खरवडून काढायचं, वेळ लागला तरी. जेसीबी जवळ येऊ देऊ नका. त्याच्या फावड्याने कडा तर जातातच, शिवाय दगडात केसासारख्या भेगा पडतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पुढे पायरीवर वजन आल्यावर दिसतात.

पायऱ्या कशा निघतात ते नीट सांगते, कारण तिथे सगळ्यांत जास्त नुकसान होतं. सगळ्यांत वरची पायरी आधी. तिचा मागचा भाग ओट्याखाली चार-सहा इंच दबलेला असतो, म्हणून ओट्याची पहिली ओळ उचलल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. मग दोन्ही टोकांना लाकडी पाचरी ठोकायच्या, एकदा इकडे, एकदा तिकडे, म्हणजे पायरी सरळ वर येते आणि मधोमध मोडत नाही. खाली पाइपचे तुकडे सरकवायचे आणि त्यांवरून फळीवर ओढायची. पायरी उलटी केल्यावर जे दिसतं ते मला अजूनही दरवेळी थांबून बघावंसं वाटतं. वरचं अंग पावलांनी झिजून मधोमध खोलगट झालेलं असतं, आणि खालच्या अंगावर पाथरवटाच्या टाकीचे घाव परवाच मारल्यासारखे तिरक्या ओळींत उभे असतात. ते खालचं अंग तुमच्या नव्या घराची वरची बाजू होऊ शकतं. थोडी टाकी फिरवून पातळीत आणलं की पायरी आणखी दोन-तीन पिढ्या चालते. झिजलेल्या बाजूत पाणी साचतं आणि पाय घसरतो, म्हणून घरात म्हातारी माणसं असतील तर उलटवाच.

मजुरी रोजाने ठरवू नका. प्रत्येक अखंड घडीव दगडामागे, तो साफ करून फळ्यांवर रचून दिल्यावर, असा दर ठरवा. तुटलेल्याला डबराचा दर. हात आपोआप सावकाश चालतात. आणि हे काम शक्यतो बेलदार किंवा वडार समाजातल्या जाणत्या माणसांकडे द्या. दगड कुठून सुटेल हे त्यांना बघून कळतं.

उतरवताना एका दगडाकडे विशेष लक्ष ठेवा: भिंतीच्या आरपार गेलेला लांब दगड, जो दोन्ही पडद्यांना धरून ठेवतो. जुन्या चांगल्या कामात तो ठरावीक अंतरावर सापडतो, हलक्या कामात सापडतच नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींच्या पडद्या सुट्या होऊन कोसळल्या आणि हजारो माणसं गेली. आरपार दगड नसणं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. नव्या बांधकामात दर पाच-सहा चौरस फुटांना एक तरी असा दगड हवाच. जुन्यातून निघालेले लांब दगड म्हणूनच कापून छोटे करू देऊ नका. गवंड्याला ते अडचणीचे वाटतात, तुम्ही त्यांची वेगळी रास लावा.

साठवण. बेस्याच्या प्लॉटवर काळी माती असणार. तिच्यावर दगड थेट ठेवलात तर पावसाळ्यात तो रुततो, आणि वालुकाश्म तिचा डाग पिऊन घेतो, मग तो निघत नाही. आधी मुरूम टाका, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर दगड. कमान असेल तर तिचे दगड जमिनीवर कमानीच्याच आकारात मांडून ठेवा. साफ करताना आम्ल वापरू नका. काळ्या दगडावरचा चुना तारेच्या ब्रशने आणि पाण्याने निघतो. आम्लाने शहाबादी जळते, कारण तो चुनखडक आहे, आणि वालुकाश्मात क्षार राहून पुढे लोणा (पांढरी खार) लागतो.

आता नवं घर. तुमचं घर आरसीसी चौकटीचं असणार, तेव्हा काळा दगड भार उचलायला नव्हे तर जोत्याला दर्शनी म्हणून येईल. इथे इंजिनिअरशी आधीच बोला. फूटभर जाड आणि अडीच फूट उंच दगडी जोत्याचं वजन रनिंग फुटाला दोनशे किलोच्या आसपास जातं. ते मातीभरावावर टेकवून चालत नाही. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि मे ते जुलै या तीन महिन्यांत जोत्याला चौकटीपासून वेगळं करते. दगडाखाली मुरमापर्यंत नेलेला स्वतःचा काँक्रीट पट्टा हवा, किंवा प्लिंथ बीमलाच (जोत्याच्या पातळीवरच्या काँक्रीटच्या तुळईलाच) तेवढी कड बाहेर काढायला सांगा. चौकट आणि दगड यांच्यात दर दोन फुटांवर स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या.

नकाशा दगडावरून काढा. पायऱ्या पाच फुटांच्या असतील तर जिना पाच फुटांचा. चार फुटांचा काढून प्रत्येक पायरी कापू नका. कापलेलं टोक गुळगुळीत दिसतं आणि बाकीच्या टाकीकामाशी कधी जुळत नाही. आर्किटेक्टला निघालेल्या दगडांची यादी लांबी-रुंदी-जाडीसह द्या. चांगला आर्किटेक्ट खूश होतो.

वालुकाश्म व्हरांड्यात, आतल्या भिंतीत, खिडकीच्या बाजूंना. जमिनीलगत नको, कारण तो ओल वर खेचतो. आणि त्याला नुसत्या सिमेंटमध्ये कधीही बांधू नका. कडक सिमेंटच्या सांध्यातून ओल बाहेर पडू शकत नाही, ती दगडाच्या अंगातून बाहेर पडते, क्षार पृष्ठभागाशी आणून सोडते आणि दगडाचं तोंड झडत जातं. वालुकाश्माला चुन्याचा मसाला, एक भाग चुन्यास तीन भाग वाळू. वाळू कन्हानची असेल तर धुऊन-चाळून. काळ्या दगडाला एक भाग सिमेंट, एक चुना, सहा वाळू हे मिश्रण मी पसंत करते: पुरेसं मजबूत, आणि शंभर वर्षांनी कोणाला पुन्हा उतरवावंसं वाटलं तर दगड सुटेल असं. वालुकाश्म आधी भिजवून घ्या, नाहीतर तो मसाल्यातलं पाणी शोषतो. काळा दगड पाणी पीत नाही, त्याला मसाला घट्टसर ठेवा आणि एका दिवसात दोन-अडीच फुटांहून वर जाऊ नका, खालचे दगड सरकतात. एप्रिल-मेमध्ये काम चालू असेल तर ओलं गोणपाट दिवसभर अंगावर हवं. आपल्या पंचेचाळीस अंशांत उघडा सांधा दुपारपर्यंत करपतो.

काही जण दगड मशीनवर कापून अर्ध्या-पाऊण इंची पट्ट्या करतात आणि भिंतीला चिकटवतात. मला हे पटत नाही. तेवढ्यासाठी नवी टाइल बरी. खूप जाड दगड असतील आणि जागाच नसेल तर दर्शनी टाकीचं तोंड तीन इंच जाडीने ठेवा, मागचा काप अंगणात फरशी म्हणून लावा. डोक्याच्या वर कुठेही नुसत्या चिकटवणीवर भरवसा नको, क्लॅम्प हवेतच.

शहाबादी फरशी मातीत किंवा चुन्यात बसवलेली असेल तर कोपऱ्यातली एक फोडून तिथून पुढे एकेक उचला. निम्म्याहून जास्त अखंड निघाल्या तर समाधान माना. वापराने आलेली चमक पुन्हा पॉलिश मारून घालवू नका.

डबर मात्र मोकळेपणाने वापरा: फरशीखाली सोलिंग, कुंपणाचा पाया, पावसाच्या पाण्याचे शोषखड्डे. घडीव दगड गिट्टीसाठी फोडायला निघालेल्या माणसाला मात्र थांबवा.

कागदपत्रं. पाडकामाआधी वाडा महापालिकेच्या वारसा यादीत नाही ना हे पाहून घ्या, पाडकामाची परवानगी घ्या, आणि दगडाच्या प्रत्येक गाडीत तिची प्रत आणि वाड्याचे फोटो ठेवा. वाटेत कोणी गौण खनिजाची पावती मागितली तर हा दगड खाणीतला नाही हे दाखवता येतं. भाऊबंदांकडून दगडाबद्दल लेखी संमती घ्या, दगड निघायला लागला की तो सगळ्यांनाच हवासा होतो. अक्षरं कोरलेला किंवा मूर्तिकाम असलेला दगड सापडला तर तो रचायला घेऊ नका, अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात किंवा पुरातत्त्व विभागात दाखवा. जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू निघाली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

राहिली विहीर. तिचा दगड सगळ्यांत सुंदर असतो, आतून गोलाईत घडवलेला, आणि ठेकेदाराची नजर त्यावर आधी जाते. तो काढू नका. ती बांधणी चहूबाजूंची माती धरून ठेवते. एक कडं निघालं की वरचं ढासळतं, उतरलेला माणूस आत सापडतो आणि शेजाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकते. महालासारख्या दाट वस्तीत हा धोका पत्करण्यासारखा नाही. विहीर जागेवर ठेवा, गाळ उपसा, वर जाळी बसवा, आणि तुमच्या वाट्याच्या जागेवर पुढे जे काही उभं राहील त्याच्या छपराचं पाणी गिट्टी-वाळूच्या गाळण टाकीतून तिच्यात सोडा. हजार चौरस फुटांच्या छपरावर, वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला तर, गळती-वाफ वजा जाता सत्तर-पंचाहत्तर हजार लिटर पाणी जमिनीत जातं. पहिल्या दोन पावसांचं पाणी मात्र वळवून गटारात जाऊ द्या, छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यातच असते.